दगडातले वासे

हिच्या इंतकालानंतर मुलानं माझ्या मोबाइलमध्ये बोलणारा एक प्रोग्रॅम टाकून दिला. एका रात्री डोळ्याला डोळा लागेना. त्याला म्हटलं, "घर खायला उठतं रे." लगेच उत्तर आलं, "तुमचं दुःख मी समजू शकतो." खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच सकाळी शरम वाटली.

ईदला मुलगा कर्जतला आला तेव्हा विचारलं, "याला खरंच काही वाटतं का रे?"

"नाही अब्बा." मग तो समजावून सांगू लागला. ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स या तिघांनी १९८८ मध्ये २२ भावनांची मांडणी केली. नकोशी गोष्ट घडेलसं वाटलं की भीती, ती टळली की सुटका. यंत्राला भावना असाव्यात हा त्यांचा हेतू नव्हता. माणसांच्या भावनांविषयी त्याला तर्क करता यावा, एवढंच. संगणकवाल्यांनी त्यावरून हसणारी, रुसणारी पात्रं घडवली. आजचे प्रोग्रॅम मात्र माणसांच्या अफाट लिखाणातून शब्दामागे शब्द कसा येतो ते शिकतात. गोड बोलण्याचं वळण कंपनी लावते.

"मग ते दुःख कोणाचं?"

"लिहिणाऱ्या माणसांचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही कोंडिवड्यावरून कोंडाण्याच्या लेण्यांत गेलो. शिक्षक असताना पोरांच्या सहली मी इथंच आणायचो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचं ते चैत्यगृह. दर्शनी भागात लाकडी इमारतीचे वासे, कठडे हुबेहूब दगडात कोरलेले. त्या वाशांवर छपराचा भार नाही. भार डोंगरानंच तोललाय. तरी त्यांना खोटं म्हणवत नाही. कोरणाऱ्यानं खऱ्या लाकडी इमारती पाहिल्या होत्या. शिवाय एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मीत कोरलंय, की कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं.

मोबाइलमधलं ते वाक्यही असाच एक वासा. माझी रात्र त्याच्यावर टेकत नाही, ती मलाच काढावी लागते. पण बलकानं आपलं नाव तरी ठेवलं. "मी समजू शकतो" यातला "मी" कोण?

उतरताना मुलानं माझा हात धरला. बोलला काहीच नाही. हात थरथरत होता. त्याचीही अम्मी गेली होती, हे आठ महिने माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.