निमोला डाग, क्रॉफर्डला चक्कर

सीएसएमटीहून दहा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट. १८६९ची दगडी इमारत, फळांचे ढीग, लव्हबर्ड्सचा कलकलाट आणि काचेच्या टाक्यांपुढे रेंगाळणारे आपल्यासारखे वीकेंडवाले! माझ्या क्लाऊनफिशच्या नारिंगी अंगावर काळे डाग उमटले होते. जाम टेन्शन. मोबाइलवरचा फोटो बघताच दुकानदाराने कॉपरची बाटली पुढे केली. ‘दोन दिवसांत साफ!’

साफ कोण होणार? कॉपरने रीफ टँकमधल्या कोलंब्या, गोगलगायी आणि समुद्रफूल मरतं. मी बाटली परत सरकवली.

शेजारी सी-सॉल्ट घेणारे एक काका डोकावले. ‘समुद्रफूल नवीन आणलंय का?’

‘हो, पंधरा दिवस झाले.’

‘मग ते डंख मारतंय. सवय होईपर्यंत असे डाग पडतात, मग आपोआप जातात. मासा खातोय ना? धापा नाही टाकत? मग थांब जरा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर मात्र लगेच दुसऱ्या टाकीत हलव, औषध तिथेच दे.’

दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

मी फक्त अमोनियाचं टेस्ट किट घेतलं. उरलेल्या पैशांत समोर बादशाहचा फालुदा. डाग जायला तीन आठवडे लागले.