कॉन्ट्रा घरीच रंगतो

कॉन्ट्रा हा खेळ मुळात नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी बनला होता, हे केदारखेड्यात कुणाला सांगितलं तर चटकन पटणार नाही. जपानच्या कोनामी कंपनीने तो फेब्रुवारी १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला आणि वर्षभराने, फेब्रुवारी १९८८ मध्ये, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आणला. जालना-भोकरदन पट्ट्यातल्या गावांत मात्र तो पोचला तो थेट टीव्हीला जोडायच्या ‘व्हिडिओ गेम’मधून, कॅसेट खोचून आणि दोन रिमोट हातात घेऊन. म्हणजे जगाने ज्याला नक्कल मानलं, तेच आमच्यासाठी मूळ. जून २०१९ मध्ये कोनामीने जुन्या कॉन्ट्रांचा एक संच नव्या कन्सोलसाठी काढला. त्यात आर्केडचा आणि घरगुती, असे दोन्ही कॉन्ट्रा आहेत, त्यामुळे तुलना आता आठवणींवर सोडायची गरज उरलेली नाही. दोन्ही लागोपाठ खेळून माझं मत पक्कं झालं आहे. दोघांनी मिळून खेळायचा खेळ म्हणून घरगुती कॉन्ट्रा मूळ यंत्रापेक्षा सरस आहे. ही सरशी लहानपणाच्या मायेतून आलेली नाही, खेळाच्या बांधणीतच तिची कारणं आहेत.

आधी आर्केडचा हिशोब समजून घेतला पाहिजे. नाण्यावर चालणारं यंत्र मालकाला दर तासाला काही कमवून देणार असेल तरच दुकानात उभं राहतं. आपल्याकडे तर १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर सरकारही शुल्क घेत असे. अशा यंत्रावरच्या खेळाने खेळणाऱ्याला फार वेळ तग धरू द्यायचा नसतो, आणि आर्केडचा कॉन्ट्रा हे काम चोख करतो. त्याचा पडदा उभा आहे आणि माणसं मोठ्या आकाराची, त्यामुळे समोरून येणारी गोळी दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते. शत्रूच्या तळात आत आत घुसत जायच्या टप्प्यांना वेळेची मर्यादा आहे. आणि दुसरा तळ पार केला की बर्फाचं मैदान, ऊर्जा केंद्र, हँगर आणि परग्रहवासीयांची गुहा हे सगळं एकाच सलग टप्प्यात उरकलं जातं. तिथवर नाणी घालत पोचलेल्या माणसाला तिथे फार रेंगाळू देऊन मालकाचा काही फायदा नव्हता.

घरगुती आवृत्तीत हाच शेवटचा तुकडा उलगडून चार स्वतंत्र टप्पे केले, प्रत्येकाला स्वतःची लांबी दिली, आणि खेळ आठ टप्प्यांचा झाला. तळांमधली वेळेची मर्यादा गेली. पडदा टीव्हीचा, म्हणजे आडवा, आणि माणसं लहान झाली, त्यामुळे पुढची जमीन नीट दिसू लागली. हे बदल एकट्याने खेळणाऱ्यालाही सोयीचे आहेत, पण त्यांची खरी किंमत दोघांच्या खेळात कळते. पुढचं दिसत असेल तरच ‘तू वरून जा, मी खालून येतो’ असं म्हणता येतं. खेळातले दोन गडी, निळ्या विजारीचा बिल आणि लाल विजारीचा लान्स, एकमेकांच्या गोळीने मरत नाहीत, पण एकमेकांच्या चालण्याला बांधलेले असतात. आडव्या टप्प्यांत मागचा गडी डाव्या कडेला अडकला की पडदा पुढे सरकत नाही, पुढच्याला थांबावंच लागतं. धबधब्याच्या टप्प्यात उलटं घडतं. वरच्याने घाईने उडी मारली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. बैलजोडीतला एक बैल ओढाळ निघावा, तसं होतं. त्यात हवेत उडत जाणारी डबी फोडली की हत्याराचं एकच अक्षर खाली पडतं. ते ‘एस’ असेल, म्हणजे पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडणारी बंदूक, तर ती कुणी घ्यायची? ज्याच्याकडे साधी बंदूक आहे त्याला ती द्यावी हे शहाणपण, आणि आधी पोचेल त्याची हा मनुष्यस्वभाव. या एका प्रश्नावर जेवढी चर्चा, रुसवे आणि करार होतात तेवढे खेळातल्या कुठल्याही राक्षसावरून होत नाहीत. आर्केडमध्येही ही रचना आहेच, नाकारायचं कारण नाही. पण तिथे विचार करायला, ठरवायला आणि ठरवलेलं फसल्यावर पुन्हा करून बघायला उसंत नाही. उसंत असेल तरच दोन खेळाडूंची जोडी बनते.

आर्केडच्या चाहत्यांचा पहिला आक्षेप चित्रांचा असतो, आणि तो रास्त आहे. आर्केडचे रंग गडद, आकार ठसठशीत, आवाज भरीव. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलत्या आकृत्या दाखवता येत नाहीत, त्यामुळे दोघांकडेही एस बंदूक असली आणि समोर शत्रूंची गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात, खेळ क्षणभर जड होतो. लुकलुकणारी गोळी न दिसल्याने माणूस मेला, तर तो दोष खेळाचाच. तरीही माझं मत बदलत नाही, कारण या खेळात नजरेला हवी असते ती नेमकी खूण. कुठली फळी उडी मारून गाठता येईल, कुठला शिपाई मान वर काढतोय, हे घरगुती कॉन्ट्रात अधिक स्वच्छ दिसतं. शिवाय जपानी कॅसेटमध्ये जास्तीची चिप होती, तिच्या जोरावर बर्फ पडताना दिसतो आणि जंगलातली झाडं हलतात. अमेरिकेत विकलेल्या कॅसेटमध्ये हे नव्हतं. वर सांगितलेल्या संचात जपानी आवृत्तीही आहे, जमल्यास तीच लावावी.

दुसरा आक्षेप तीस लाइफच्या किल्लीचा. वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे-बी-ए हा क्रम काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या माणसाने १९८६ च्या ग्रॅडियससाठी बनवला होता, कारण तपासणी करताना स्वतःचाच खेळ त्याला फार अवघड जात होता. कॉन्ट्रात तो वापरला की तीनऐवजी तीस लाइफ मिळतात. मग थरार उरतो कुठे, असं विचारतात. मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. दोघेही तरबेज असतील तर तीस लाइफ म्हणजे खेळाची थट्टा. पण एक तरबेज आणि एक नवखा, अशी जोडी घरात जास्त वेळा जमते. तीन लाइफमध्ये नवखा दोन मिनिटांत बाहेर बसतो आणि पुढचा अर्धा तास दुसऱ्याचा खेळ बघतो. तीसमध्ये तो चुकत चुकत शिकतो. आर्केडमध्ये हीच सवलत प्रत्येक वेळी खिशात हात घालून विकत घ्यावी लागे, आणि त्याला कुणी थट्टा म्हणत नसे.

तिसरा आक्षेप खास आपला आहे. आपण खेळलो ते फॅमिकॉम नव्हतंच, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची नकली यंत्रं होती आणि बहुतेक कॅसेटही नकला होत्या, मग कसला न्याय करता? हे खरं आहे, आणि त्यात एक गमतीचा भाग आहे. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेली अशी अनेक यंत्रं सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं दाखवत, म्हणजे तोच कॉन्ट्रा जपानपेक्षा सहाव्या हिश्श्याने संथ चालत असे. रिमोटवर टर्बोची बटणंही जास्तीची. तेव्हा ज्यांना आपण लहानपणी कॉन्ट्रात उस्ताद होतो असं वाटतं, त्यांनी आज मूळ वेगाने खेळून बघावं. मी जो निवाडा करतो आहे तो मूळ वेगाच्या खेळाचा आहे. संथ नकलेचा फायदा त्यात धरलेला नाही. (युरोपला तर हा खेळ १९९० मध्ये ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आणि माणसांच्या जागी यंत्रमानव घालून मिळाला, त्या मानाने आपली नक्कल जास्त प्रामाणिक.)

राहता राहिला प्रश्न आजच्या टीव्हीचा. आर्केडची आवृत्ती रुंद पडद्यावर लावली की दोन्ही बाजूंना मोठे काळे पट्टे आणि मध्ये चिंचोळी उभी चौकट उरते, दोघांना सोफ्यावरून नीट दिसत नाही. घरगुती आवृत्तीलाही पट्टे येतात, पण लहान. जुनं यंत्र थेट एलईडी टीव्हीला जोडणार असाल तर एक सावधगिरी हवी. टीव्ही जुना सिग्नल बदलून घेण्यात थोडा वेळ खातो, बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते, आणि धबधब्यावर एवढा उशीरही जीव घेतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला जुना डबा टीव्ही खाली काढा. जोडीदार नवखा असेल तर पहिल्या खेपेला तीस लाइफ घ्या, हात बसला की तीनवर या, आणि पहिली एस बंदूक त्याला घेऊ द्या.