माहीमचा तबला आणि परदेशातली रोजी

उस्ताद झाकीर हुसेन यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को इथं इन्तेकाल झाला. वय त्र्याहत्तर. तिथल्याच मातीत त्यांची कबर झाली. त्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या, नातेवाइकांच्या, मोहल्ल्याच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर एकच गोष्ट फिरत होती, ती चहाची जाहिरात. ताजमहाल, कुरळे केस, उडणारी बोटं आणि ‘वाह ताज’. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. साठ वर्षं ज्यानं हाताला विसावा दिला नाही, त्याची आठवण आपण चहाच्या कपात बुडवून ठेवली.

नसरीन मुन्नी कबीर यांनी त्यांच्याशी केलेल्या गप्पांचं एक इंग्रजी पुस्तक २०१८ साली निघालं. ते माझ्याकडे होतं. त्याच दिवसांत शाळेत एक प्रकरण चालू होतं, म्हणून ते पुन्हा काढलं.

मी पवनीकडच्या एका शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. नववीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. आधी दर्ग्यावर कव्वालीच्या पार्टीमागे ढोलक वाजवायचा, मग शाळेच्या परिपाठाला तबल्यावर बसू लागला. हात चांगला. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई सुरू होते, शंकरपट भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं उभी राहतात. होळीपर्यंत रात्र रात्र गावं जागी असतात. नाटकाला ऑर्गन लागतो, तबला लागतो, हल्ली ऑक्टोपॅडही लागतो. अशाच एका मंडळीनं या पोराला हंगामासाठी विचारलं. रात्रीचे रोख पैसे. बाप कुवेतमध्ये गाडी चालवतो, आई घरी विड्या वळते. पोराचे डोळे चमकले यात नवल नाही.

आई शाळेत आली. म्हणाली, “आपा, रातभर नाटक में बैठेगा तो सुबह इस्कूल कौन आएगा? और दादी तो बोलती, ये काम ही अपना नहीं.”

म्हणजे प्रश्न दोन होते. एक दीनचा, एक पोटाचा. मौसिकीबद्दल आपल्या उलमांमध्ये एकमत नाही. चिश्ती बुजुर्गांच्या दर्ग्यांवर समाच्या महफिली होत आल्या, आणि त्या मुळीच मान्य नसलेले उलमाही तितकेच मोठे होते. तो वाद एका शाळामास्तरणीनं मिटवण्यासारखा नाही. पण ‘हे काम आपलं नाही’ हे वाक्य इतिहासाला धरून नाही, एवढं मला माहीत आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच दफन आहेत. १९३७ साली ते मैफलींसाठी दक्षिणेत गेले होते. पाँडिचेरीला जाताना वाटेत तब्येत बिघडली आणि सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर त्यांनी डोळे मिटले. कामाच्या प्रवासात गेलेला माणूस. मिरजेची सतार आणि तंबोरा घडवणारे शिकलगार आधी हत्यारं घडवत. भोपळा पंढरपूरकडचा, हात मिरजेचा आणि वाद्य जातं साऱ्या दुनियेत. आता हे काम आपलं नाही तर कोणाचं?

दादीला मात्र मी यातलं काही ऐकवलं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईशी दाखले देऊन बोलायचं नसतं.

पोराला मी झाकीरभाईंचं पुस्तक थोडं थोडं सांगू लागले. मधल्या सुट्टीत. चार-पाच पोरं जमायची. सुरुवात त्यांच्या अब्बांपासून. उस्ताद अल्लारखाँ जम्मूकडच्या एका खेड्यातले. तबल्यासाठी लाहोरला पंजाब घराण्याचे मियाँ कादिर बख्श यांच्याकडे गेले. मग मुंबईत रेडिओवर नोकरी, ए. आर. कुरेशी या नावानं सिनेमांना संगीत, आणि पुढं पंडित रविशंकर यांच्याबरोबर परदेश. माहीमला घर, घरात बावी बेगम आणि पोरंबाळं. झाकीर जन्मले ९ मार्च १९५१ ला. आपल्याकडे बाळाच्या कानात अज़ान देतात. अल्लारखाँनी बाळ हातात घेतलं आणि कानात तबल्याचे बोल म्हटले. बावी बेगम रागावल्या. ते म्हणाले, हीच माझी दुआ आहे. हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा आमच्याकडेही वाद झाला. माझे मियाँ बावी बेगमच्या बाजूनं. मीही बरीचशी त्याच बाजूनं.

पण पुढचं ऐकण्यासारखं आहे. अल्लारखाँ परदेशातून आलेले असले की पोराला पहाटे तीनला उठवायचे. सहापर्यंत तबल्याला हात नाही, नुसतं तोंडानं बोल म्हणायचे. मग पोरगा मदरशात जायचा, कुरआन पढायचा. तिथून सेंट मायकल शाळेत. तिथं सकाळी चर्चमधली प्रार्थना. यात काही विसंगत आहे असं आपल्याला कोणी कधी सांगितलं नाही, असं झाकीरभाई म्हणत. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा पोरांना तीन वाजता उठण्याचंच आश्चर्य वाटलं, बाकी त्यांना साधं वाटलं. आमच्या गावात मदरशातून येऊन मंदिरासमोरच्या मैदानात खेळणारी पोरं ती. त्यांना काय विशेष?

परदेशाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच, “मॅडम, पैसे किती मिळायचे?”

खरा प्रश्न आहे. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथं मोठा पॉप संगीताचा जलसा झाला. तिथं बाकीचे नामांकित गाणारे फुकट गायले. मानधन घेतलं ते एकट्या रविशंकर यांनी, ३००० डॉलर. दुपारची वेळ, तबल्यावर अल्लारखाँ. रविशंकर यांनी लोकांना सांगितलं की वाजवणं चालू असताना सिगारेट ओढू नका. मला हे फार आवडतं. परक्या मुलखात रोजी कमवायला गेलो म्हणून आपल्या कामाची अदब सोडायची नाही, आणि फुकटही वाजवायचं नाही. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९६९ च्या रात्री, वुडस्टॉकला लाखो लोक चिखलात बसलेले आणि वरून पाऊस. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते हे आमच्या भजनी मंडळातल्या पोट्ट्यालाही ठाऊक आहे. त्या पावसात अल्लारखाँ वाजवत होते. रविशंकर यांना तो कार्यक्रम मुळीच रुचला नाही, तसं त्यांनी पुढं सांगितलंही.

आणि १ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पूर्व पाकिस्तानात आधी वादळ, मग कत्तल, आणि निर्वासितांचे लोंढे भारतात. त्यांच्या मदतीसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी दोन कार्यक्रम केले. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास लोक, आणि जमलेले सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं लावून झाली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले, की वाद्यं लावणंच इतकं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. पोरं खूप हसली. हातोडीनं गट्टे ठोकून तबला लावताना आता ती एकमेकांना टाळ्या देतात.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली. झाकीरभाई पहिल्यांदा अमेरिकेला गेले ते १९७० साली, वय जेमतेम एकोणीस. अब्बांची तब्येत बरी नव्हती आणि रविशंकर यांना साथीला तबलावाला हवा होता. म्हणजे बापाच्या जागी बदली म्हणून. आपल्याकडे एस. टी.त, गिरणीत बापाच्या जागेवर मुलगा लागायचा, तसंच म्हणा ना. मग सिॲटलच्या विद्यापीठात शिकवण्याचं काम, तिथून कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांच्या संगीतशाळेत. विशीतला पोरगा, भोवती रॉक संगीताचा झगमगाट. त्यालाही त्यातलं काहीतरी व्हावंसं वाटू लागलं. हॅरिसनच्या एका रेकॉर्डचं काम चालू होतं, ती १९७३ साली आली. त्यात झाकीरना इंग्रजी ड्रम वाजवायचे होते. हॅरिसननं नाही म्हटलं. ड्रम वाजवणारे इथं पुष्कळ आहेत, तू इथं आहेस तो तबल्यामुळं, असा त्याच्या सांगण्याचा रोख. परक्या माणसानं त्याला त्याच्या घरचं वाद्य परत हातात दिलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मद्रासकडचे घटमवादक विक्कू विनायकराम, व्हायोलिनवर एल. शंकर आणि इंग्लंडचा गिटारवाला जॉन मॅकलॉफलिन यांच्याबरोबर ‘शक्ती’ नावाचा चमू. वर्षाला दीडशेच्या आसपास मैफली. २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी. पण ज्याला हे सगळं मिळालं तो लहानपणी रेल्वेच्या साध्या डब्यात, बसायला जागा नसली तर खाली वर्तमानपत्र अंथरून झोपायचा. तबल्याला कोणाचा पाय लागू नये म्हणून तो मांडीवर धरून. आमच्या गोंदिया लोकलचा डबा ज्यानं पाहिला आहे त्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आमचे विज्ञानाचे सर एकदा मध्येच येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मॅडम, रामन यांचंही सांगा. तबल्याच्या मधोमध जी काळी शाई असते, तिच्यामुळं या वाद्यातून सुराला धरून आवाज निघतो, साध्या ढोलासारखा नुसता धडधडाट होत नाही. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिलं होतं. नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. मग सरांनी बोट टेकवून दाखवलं. मुलांचा एक तास भौतिकशास्त्रात गेला, मला काहीच तक्रार नाही.

आई पुन्हा आली ती जानेवारीत. मला वाटलं, आता ग्रॅमी आणि पद्मविभूषण ऐकून ही खूश होईल. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आपा, उनकी अम्मी क्या बोलती थी?”

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कोणी विचारला नव्हता. वर्तमानपत्रांनीही नाही. मी तिला खरं तेच सांगितलं. बावी बेगमना मुलानं वाजवणारा व्हावं असं वाटत नव्हतं. शिकावं, डॉक्टर-इंजिनिअर व्हावं, असंच वाटत होतं. वाजवणाऱ्याच्या घरची ओढाताण त्यांनी रोज पाहिली होती. मियाँ महिनोन् महिने दौऱ्यावर, इकडे पोरांची शाळा, आजारपण, घरभाडं, सगळं एका बाईवर. घरी अब्बांच्या नावानं कार्यक्रमाचं पत्र यायचं. पोरगा गुपचूप उत्तर लिहायचा की उस्ताद मोकळे नाहीत, पण त्यांचा मुलगा येऊ शकेल. आपलं वय बारा-तेरा आहे हे मात्र लिहायचा नाही.

ती हसली नाही. “मेरे को मालूम है वो घर कैसा रहता,” एवढंच म्हणाली. आणि मला उमगलं की ती तबल्याबद्दल बोलतच नव्हती. तिचा माणूस सात वर्षं कुवेतमध्ये आहे. परदेशातल्या रोजीची दुसरी बाजू तिच्याइतकी कोणाला माहीत? व्यासपीठावरचा उजेड असो की वाळवंटातला रस्ता, इकडे दार लावून एकटीनं हिशेब करणारी बाई सारखीच. रविशंकर, अल्लारखाँ, झाकीर यांच्या दौऱ्यांवर किती लिहिलं गेलं आहे! माहीमच्या त्या घरात त्या महिन्यांत काय शिजत होतं, फी कशी भरली, ताप कोणी उतरवला, यावर मला ओळी मोजूनच सापडल्या.

मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. झाडीपट्टीचा हंगाम दहावी होईपर्यंत नाही, हे तिनं आल्या आल्याच ठरवलं होतं, त्यात मी बोलले नाही. नववी-दहावीच्या पोरानं रात्रभर जागून सकाळी बाकावर पेंगणं मलाही पटणारं नाही, मग पैसे कितीही मिळोत. पण वाजवणं बंद करायचं नसेल तर रीतसर शिकावं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात, प्रारंभिकपासून वरच्या, आणि त्यातल्या ठरावीक परीक्षा झाल्या असतील तर दहावीच्या निकालात बोर्ड वाढीव गुण देतं. हे गुणांचं ऐकल्यावर ती प्रथमच पुढं सरकून बसली. भंडाऱ्याला रविवारी शिकवणी, एस. टी.चं भाडं इतकं, फी इतकी, वर डबा. तिनं मनातल्या मनात विड्यांचे हजार मोजले असावेत, कारण थोड्या वेळानं म्हणाली, “हो जाएगा.”

बापाला विचारणं बाकी होतं. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. व्हिडिओ कॉल लावला आणि पोरानं त्रितालातला एक कायदा वाजवला. तिकडे एका खोलीत आठ माणसं राहतात, कोणी केरळचा, कोणी बिहारचा. ती सगळी मोबाईलभोवती जमली, असं पोरगा सांगत होता. बाप काही बोललाच नाही, त्याच्याऐवजी एक मलबारी चाचा ‘फिर से, फिर से’ करत राहिले. शेवटी बाप म्हणाला, पहले दसवीं. आणि पुढच्या महिन्यात नेहमीपेक्षा थोडे जास्त पैसे आले.

त्यातून जुनीच जोडी घेतली. डग्गा पितळेचा, एका बाजूनं पोचा आलेला. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, त्यामुळं पोचा काढणारा माणूस अर्ध्या दिवसात सापडला. पुडी मात्र नागपूरहून आणावी लागली. पोरगा आता दहावीत आहे. रविवारी पहिल्या गाडीनं जातो, दुपारी परततो, संध्याकाळी गणित.

दादीचं मत बदललेलं नाही. तिनं तबल्यावर टाकायला आपली जुनी ओढणी दिली आहे, धूळ बसते म्हणून. मगरिबच्या आधी ती स्वयंपाकघरातून हाक मारते आणि तो अज़ानच्या आत तबला झाकून ठेवतो. परवा मी गेले होते तर तो आपणच उठून झाकत होता. दादी म्हणाली, “आज मेरे को बोलना नहीं पड़ा.”