तोल

माझा हात कांपतो ही गोष्ट प्रथम माझ्या ध्यानांत आली नाहीं. ती आमच्या घरांतल्या कपबशीच्या ध्यानांत आली. सकाळचा चहा घेऊन मी स्वयंपाकघरांतून बाहेर येत होतों, आणि बशींतला कप किणकिणूं लागला. "अहो, हात कां हलतोय तुमचा?" सौभाग्यवतींनीं विचारलें. "बशीच वेडीवांकडी आहे," असें सांगून मीं वेळ मारून नेली. बिचारी बशी! त्यानंतर मीं तिच्यावर, वाऱ्यावर आणि भीमेच्या पाण्यावर किती खोटे आळ घेतले, त्याची गणती नाहीं.

कारण मला पक्ष्यांचीं छायाचित्रें काढण्याचें व्यसन आहे. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि भिगवण-कुंभारगांवच्या बाजूला त्याचें जें पाणी पसरलें, त्याच्या कांठीं हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. तेथें जाऊन दोन किलोंची लांबलचक लेन्स हातांतच तोलून धरणें आणि उडता सुरय नेमका टिपणें, हा माझा अनेक वर्षांचा अभिमानाचा विषय. तिपाई घेऊन येणाऱ्यांना मी मनांतल्या मनांत हंसत असें. ज्याला चालतां येतें त्यानें काठी कां घ्यावी, असा माझा सवाल होता.

परंतु ६०० मिलिमीटरची लेन्स मोठी चहाडखोर असते. तिच्यांतून जगाचा जेमतेम ४ अंशांचा तुकडा दिसतो. त्यामुळें जो कंप कपाला नुसता किणकिणवतो, तो तिच्यांत पक्ष्याला चौकटीबाहेर फेंकून देतो. माझ्या चित्रांतले बगळे पिंजलेल्या कापसासारखे दिसूं लागले. डॉक्टर म्हणाले, "काळजीचें कारण नाहीं, वय आहे." हीं दोन विधानें एका श्वासांत करणारा मनुष्य खात्रीनें तरुण असला पाहिजे!

अखेर मीं तिपाई घेतली. तिच्या माथ्यावर नेहमींचें बॉल-हेड, म्हणजे खोबणींत फिरणारा गोळा होता. स्क्रू सैल केला कीं लेन्स एकदम मान टाकी. आवळला कीं जागची हलेना. आणि पक्षी काय, माझा स्क्रू आवळून होईपर्यंत थांबणार आहे? एकदां तो आवळावयाचा राहिला, आणि लेन्स पुढें कोसळून सबंध तिपाईच चिखलांत आडवी झाली. होडीवाल्या पोरानें ती उचलून दिली आणि म्हणाला, "काका, वजन एका अंगाला गेलं की आमची होडीसुद्धा उलटती."

त्यानें एका वाक्यांत सांगितलें तेंच गिंबलचें शास्त्र आहे. जहाज कितीही डोलो, होकायंत्र कड्यांत टांगलेलें असल्यामुळें सपाटच राहतें, ती ही युक्ति. सोळाव्या शतकांतल्या कार्दानो ह्या इटालियन गणित्याच्या नांवानें ती ओळखली जात असली, तरी ती त्याच्याहून कितीतरी शतकें जुनी आहे. लेन्सच्या गिंबलला एक आंस उभा आणि एक आडवा. लेन्स मागें-पुढें आणि वर-खालीं सरकवून तिचा गुरुत्वमध्य ह्या दोन आंसांच्या छेदावर आणावयाचा. तो साधला कीं स्क्रू मोकळा असूनहि लेन्स जिथें ठेवाल तिथें राहते. एका बोटानें ढकलावी, आकाशाकडे पाहते. बोट काढावें, पाहतच राहते. जन्मभर मीं स्थैर्य म्हणजे घट्ट धरणें असें समजत आलों होतों.

एके काळीं हें यंत्र दीड किलोच्या घरांत जाई. आतां कार्बनच्या धाग्यांचें हलकें मिळतें. माझें सातशे ग्रॅमांच्या आंतलें आहे, आणि माझ्या खांद्यानें तेवढीच सवलत मागितली होती. हलकेपणाचीहि किंमत असतेच. वारा सुटला कीं हलकी तिपाई थरथरते, म्हणून तिच्या मधोमध झोळी लटकवावी लागते. बैठक समपातळींत नसेल तर लेन्स फिरवतांना क्षितिज कलंडतें. झूम लांबवली कीं तोल पुढें सरकतो, म्हणून तो पुऱ्या लांबीवरच साधावा. स्क्रू किंचित् आवळून ठेवला, कीं माझा कंप त्या घर्षणांतच मुरून जातो.

गेल्या जानेवारींत एका सकाळीं समोर एक कवड्या धीवर आला आणि पाण्यावर अधांतरीं थांबला. त्याचे पंख इतके थरथरत होते कीं दिसेनासे झाले. शरीर वाऱ्यानें हेलकावत होतें. पण डोकें मात्र खिळल्यासारखें निश्चल, नजर पाण्यांत. बाकी सारें हलतें म्हणून त्याला मुळींच लाज वाटत नव्हती! मीं बोटाच्या टोंकानें लेन्स उचलली. तो सुरकांडी मारून मासा घेऊन गेला तेव्हां त्याचीं अकरा चित्रें माझ्यापाशीं होतीं, आणि त्यांत त्याच्या डोळ्यांतली चमकसुद्धां स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कप पुन्हां किणकिणला. "बशी वेडीवांकडी आहे, नाहीं का?" घरांतून प्रश्न आला.

"नाहीं," मीं म्हटलें, "हात कांपतो माझा."

ती कांहींच बोलली नाहीं. तेव्हां मीं प्रथमच नीट पाहिलें: कप काठोकाठ नव्हताच. तो तिनें अर्धाच भरला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे!