तज्ज्ञ हवा, पुरोहित नको

गेल्या वर्षी आम्ही तिघे कार्यकर्ते एका एआरटी केंद्रावर भांडायला गेलो होतो. वस्तीतल्या आमच्या एका ताईचा व्हायरल लोड १००० च्या वर गेला होता, तरी डॉक्टर गोळ्या बदलायला तयार नव्हते. तीन महिने याच गोळ्या नियमित घ्या, समुपदेशनाला या, मग पुन्हा तपासू, एवढेच उत्तर. आम्हाला वाटले, गरिबाची बाई म्हणून टाळताहेत. निवेदन खिशात तयार होते. (हे ताईच्या परवानगीने, तिचे नाव न घेता लिहितो आहोत.)

डॉक्टरांनी आधी ताईलाच विचारले, "यांच्यासमोर बोलू का?" तिने मान डोलावली. मग त्यांनी समजावले. डोस चुकत राहिले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. पण गोळ्या पोटातच जात नसतील तर दोष औषधाचा नाही. घाईने बदलले तर पुढचे हत्यारही बोथट होते. म्हणून दुसऱ्या फळीची औषधे एकटा डॉक्टर ठरवत नाही, तज्ज्ञांची समिती ठरवते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्रॅविर दिवसातून दोनदा द्यावे लागते. असे बारकावे ज्याला माहीत, त्यानेच लिहून द्यावे.

मग ताई हळूच बोलली. गोळ्यांची बाटली ती पिठाच्या डब्यात लपवते. घरात माणसे असली की डबा उघडता येत नाही. जयंतीच्या तयारीच्या दिवसांत तिच्या घरी रात्री उशिरापर्यंत माणसे असायची.

ती माणसे म्हणजे आम्हीच. बैठका तिच्याच घरी होत होत्या. निवेदन खिशातच राहिले.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, तज्ज्ञ म्हणजे नवा पुरोहित. ज्ञान पुन्हा मूठभरांच्या हाती. हा राग कुठून येतो ते आम्हाला ठाऊक आहे. पण पुरोहित कारण सांगत नाही आणि प्रश्न विचारला की पाप लागते म्हणतो. तज्ज्ञाला कारण सांगावेच लागते, आणि त्याचे म्हणणे खरे की खोटे ते तपासणीच्या कागदावर दिसते. कारण न सांगणारा डॉक्टर भेटला तर मात्र भांडलेच पाहिजे.

आणि सरकारशी भांडण संपलेले नाही. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली, पण 'शक्य तितके' अशी पळवाट ठेवून. २०२२ मध्ये गोळ्यांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर बसावे लागले. गोळीच नसेल तर तज्ज्ञ काय लिहून देणार? आणि तज्ज्ञ दूरच्या शहरात असेल तर रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, भाडे वेगळे. तज्ज्ञाचा निर्णय तालुक्याच्या केंद्रापर्यंत आला पाहिजे, रुग्णाला हेलपाटे नकोत. ही मागणी आपली आहे.

पण अर्धे काम आपल्याच दारात आहे. आमच्या बैठका आता विहारात होतात. तीन महिन्यांनी ताईचा लोड खाली आला. गोळ्या त्याच होत्या.

जय भीम!