इंप्रिकेटरी म्हणजे काय रे भाऊ?

कोकणातल्या शिलाहारांचे ताम्रपट वाचायचं खूळ डोक्यात शिरलं. संस्कृत बेताचं, जुन्या लिपीचा तर गंधही नाही. म्हणून ‘एपिग्राफिया इंडिका’तल्या इंग्रजी सारांशांवर सगळी भिस्त. राजाची वंशावळ, दान दिलेलं गाव, त्याच्या चतुःसीमा, इथवर निभावलं. शेवटी संपादकांनी एका ओळीत उरकलं होतं: पुढे नेहमीचे ‘इंप्रिकेटरी’ श्लोक. नेहमीचे म्हणे! माझी तर जीभच अडखळली.

शब्दकोश उघडला. शाप देणारं, वाईट चिंतणारं. मूळ लॅटिन धातू मात्र प्रार्थनेचा, आणि त्याचं संस्कृतातलं भावंड म्हणजे आपल्या ‘पृच्छे’तला प्रच्छ्. वहीत मी ऐटीत लिहिलं, ‘अनिष्टयाचनात्मक’. शिलालेखांमागे हिंडणाऱ्या मित्राला दाखवलं, तर तो म्हणाला, “अरे, सरळ शापवचन म्हण की!” इंग्रजीबरोबर मराठीचीही परीक्षा झाली.

मग त्या श्लोकांचे अनुवाद शोधले. भूमिदान करणारा ६०,००० वर्षं स्वर्गात राहतो. ती जमीन हिसकावणारा आणि त्याला मान डोलावणारा तितकीच वर्षं नरकात. दुसरा श्लोक त्याहून जहाल: जमीन स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने, ती लाटणारा ६०,००० वर्षं विष्ठेतला किडा होतो. राजा बदलला की जुन्या दानाला वाली कोण? म्हणून हा धाक पुढच्या राजांना. त्या गुळगुळीत विशेषणाखाली एवढी घाण दडली असेल असं वाटलं नव्हतं.

मित्र म्हणाला, “हे तर सभ्य शाप. गधेगाळ बघ.” शिलाहार अपरादित्याच्या परळच्या शिलालेखात, शके ११०८ चा तो, दानाचा मजकूर संस्कृतात आणि शाप मात्र मराठीत. शिवी पोचायची तर ती लोकांच्या भाषेतच हवी! ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली चित्र.

एका संग्रहालयात तसला दगड गाठला. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान अबाधित. मधली अक्षरं झिजलेली, मला एकही लागेना. खाली गाढव आणि बाई: दान मोडणाऱ्याच्या आईवरून दिलेली शिवी, दगडात कोरलेली. मी उकिडवा बसून निरखत होतो, तेवढ्यात मागून एका चिमुरडीने विचारलं, “काका, ते गाढव काय करतंय?” तिची आई माझ्याकडेच बघत होती.

“ते ना… इंप्रिकेटरी आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”