जिंजीच्या पायथ्याशी

जिंजीचे नाव आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असते. पण तामिळनाडूतील त्या दुर्गाचे प्रत्यक्ष दर्शन घेणारे थोडेच. तिंडिवनमहून आम्ही पश्चिमेस निघालो, तो राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रगिरी या तीन टेकड्यांना कवळणारा तट दिसू लागला. प्रचंड शिळांच्या जणू राशीच! १६७७ साली शिवछत्रपतींनी हा दुर्ग घेतला, आणि पुढे राजाराम महाराजांनी येथूनच राज्य राखिले. मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. अखेर दुर्ग पडला. पण महाराज त्यापूर्वीच निसटले होते.

राजगिरी उतरेतो ऊन तापले. पायथ्याशी शहाळी विकणाऱ्या एका आजीबाईंनी आम्हांस सावलीत बसविले. आम्हांस तमिळ येईना, त्यांस मराठी कळेना. त्यांचा शाळकरी नातू इंग्रजीतून दुभाषी झाला. आम्ही राजाराम महाराजांची हकीकत सांगितली. ती त्यांनी मन लावून ऐकली, आणि मग आपल्या राजा देसिंगाची सांगितली. अर्काटच्या नवाबाशी मूठभर स्वारांनिशी लढून १७१४ साली पडलेला हा तरुण तेथील लोकगीतांत अजून जिवंत आहे. नवल हे, की देसिंगही मूळचा तेथला नव्हे. तो उत्तरेकडचा बुंदेला रजपूत! त्या भूमीने त्याला आपला म्हटले.

आपण परप्रांती जातो ते बहुधा स्वतःच्या पूर्वजांच्या खुणा शोधावयास. तेथल्यांच्या आठवणींसही घटकाभर कान द्यावा. दुर्ग दुणा मोठा भासतो.